रोपांआधी जागेचा नकाशा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून घरच्या बागेविषयी भरभरून छापून येतं. कोणती रोपं लावावीत, खत कुठलं घालावं, कीड कशी घालवावी. हे सगळं हवंच. पण कुंड्या कुठे आणि किती ठेवायच्या, यावर फारसं कुणी लिहीत नाही, आणि घरच्या बागा मोडतात त्या बहुतेक इथेच. जूनमध्ये रोपं येतात, मिळेल त्या कोपऱ्यात बसतात, दिवाळीनंतर फुलायची थांबतात, उन्हाळ्यात करपतात. मग दोष खताला, रोपवाल्याला किंवा ‘आपल्या हाताला यश नाही’ या समजुतीला दिला जातो. म्हणून हे पत्र.

पहिलं काम उन्हाचं. सुटीच्या दिवशी सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ५ वाजता गच्चीत किंवा गॅलरीत जाऊन उन्हाची कड जमिनीवर खडूने आखावी आणि रेषेशेजारी वेळ लिहावी. संध्याकाळी त्या रेषांकडे पाहिलं की कोणत्या फरशीला सहा तास ऊन मिळतं आणि कोणती दोन तासांतच सावलीत जाते, हे डोळ्यांसमोर येतं. टोमॅटो, वांगी, मिरची, गुलाब यांना सहा तास थेट ऊन हवं. पालक, मेथी, कोथिंबीर यांचं तीन-चार तासांत भागतं. अळू, पुदिना, पानओवा त्याहून कमी उन्हातही तग धरतात.

मात्र एका दिवसाच्या खडूवर वर्षाची बाग बेतता येत नाही. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या छपराच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन थेट घरात शिरतं आणि एप्रिल-मेमध्ये वरच्या स्लॅबमुळे दुपारी जवळजवळ येतच नाही. जानेवारीत लावलेला गुलाब तिथे बहरतो आणि उन्हाळ्यात कळी धरत नाही, याचं कारण खतात शोधून उपयोग नाही. पश्चिमेच्या गॅलरीचं दुखणं उलट. मार्चपासून पुढे तिथे दुपारनंतरचं ऊन काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांची कड इतकी तापवतं की मुळं आतून भाजतात. तिथे हिरवी जाळी आधी बांधावी, रोपं नंतर आणावीत.

उघड्या गच्चीत कठड्याची सावली हिशेबात धरलीच पाहिजे. दक्षिणेचा कठडा साडेतीन फूट उंच असेल तर डिसेंबरात भर दुपारी त्याची सावली आत तीन फुटांहून थोडी अधिक पडते. पालेभाज्यांचा खरा हंगाम नेमका तोच, आणि ‘कठड्याला लागून’ म्हणून आपण मेथीचे क्रेट नेमके तिथेच जमिनीवर मांडतो. रोपं लांबुडकी, फिकी होतात, माती वाळत नाही, कोवळ्या रोपांची मर सुरू होते. तेच क्रेट दोन फुटी लोखंडी घोड्यावर ठेवले की उन्हात येतात आणि खालची जागा कंपोस्टच्या डब्याला मिळते.

आता वजन. याबाबतीतला निष्काळजीपणा मात्र खरंच धोक्याचा आहे. वावर असलेल्या सपाट गच्चीवर माणसं, सामान, कुंड्या अशा वरच्या भारासाठी भारतीय मानक संहितेत (आयएस ८७५, भाग २) दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरले आहेत. ओली बागेची माती लिटरला सुमारे १.७ किलो भरते. म्हणजे गच्चीवर विटांचा वाफा बांधून त्यात एक फूट माती भरली की दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर भार झाला. असे वाफे बिनदिक्कत बांधले जातात, हे पाहून काळजी वाटते. वाफाच बांधायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावं, त्याला दुसरा पर्याय नाही.

कुंड्या आणि पिशव्यांनी भागवायचं ठरवलं तर मिश्रण हलकं ठेवावं: एक भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि तळाच्या एक तृतीयांश उंचीत रसवंतीवरचं उसाचं वाळलेलं चिपाड व पालापाचोळा. हे ओलं असताना लिटरला साधारण ९०० ग्रॅम भरतं. बारा इंच व्यासाची, बारा इंच उंचीची पिशवी यात २० किलोंची होते, नुसत्या मातीने ३७ किलोंची. चिपाड कुजून दोन महिन्यांत पातळी तीन-चार इंच खाली बसते, तेव्हा भर घालावी लागते. नुसती काळी माती कुंडीत घालूच नये. ती वाळली की आक्रसते, कडेने फट पडते, घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. वरून पाहणाऱ्याला मात्र पाणी पोचल्यासारखं वाटतं.

प्रत्यक्ष मांडणीचं एक उदाहरण देतो. घराला लागून १२ फूट बाय १० फुटांची गच्ची, उत्तरेला घराची भिंत व मधोमध दार, बाकी तीन बाजूंना कठडा. असे टेरेस फ्लॅट पुण्यात पुष्कळ आहेत. उंच आणि वेलवर्गीय सगळं उत्तरेच्या भिंतीकडे न्यावं, म्हणजे त्याची सावली बाकीच्यांवर पडत नाही. दाराच्या एका अंगाला पंधरा इंची तीन पिशव्या आणि भिंतीपासून सहा इंच सुटी ठेवलेली जाळी, तिच्यावर दोडका, कारली. दाराच्या दुसऱ्या अंगाला तुळस. पश्चिमेला अठरा इंची तीन कुंड्या: लिंबू, कढीपत्ता, जास्वंद. उन्हाळ्यातल्या दुपारचा मारा हीच झाडं झेलतात. पूर्वेच्या दोन फुटी पट्ट्यात बारा इंची आठ पिशव्या, प्रत्येकीत टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचं एकच रोप. एका पिशवीत तीन रोपं लावली तर तिन्ही खुरटतात. दक्षिणेला घोड्यावर पालेभाज्यांचे चार क्रेट.

हलक्या मिश्रणात हे सगळं साधारण साडेपाचशे किलो भरतं, निव्वळ मातीत टनापर्यंत जातं. मधली सुमारे आठ बाय सहा फुटांची जागा मोकळी राहते आणि ती मोकळीच ठेवावी, हे कळकळीने सांगावंसं वाटतं. कडेचा भार तुळयांजवळ राहतो, स्लॅबच्या मध्यावर तो सगळ्यात जास्त जाणवतो. आणि माणूस फिरू शकला नाही तर बाग राहत नाही. बसल्या जागेवरून हात आरामात दोन फूट पोचतो, म्हणून भिंतीलगतचा पट्टा दोन फुटांहून रुंद नको. तिसऱ्या रांगेतल्या कुंडीची पानं कुणी उलटून पाहत नाही, आणि पांढरा पिठ्या ढेकूण तिथूनच साऱ्या बागेत पसरतो.

पाण्याची वाट शेवटी लिहितो आहे, पण कुंड्या मांडण्याआधीच पाहायची. रिकाम्या गच्चीत एक बादली पाणी ओतावं, ते कुठून वाहतं आणि कुठे साचतं ते खडूने आखावं. त्या वाटेवर एकही कुंडी नको. उतारावर ठेवलेल्या कुंडीमागे माती अडते, पाणी थांबतं, कोब्याला तडा असेल तर तिथेच मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल दिसते. प्रत्येक कुंडी तीन-चार इंच उंच स्टँडवर, खालून खराटा फिरेल अशी ठेवावी. पावसाच्या पाइपच्या तोंडावर जाळी बसवावी आणि पावसाळ्यात ती आठवड्याला साफ करावी. कोब्याच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, उंबर उगवतो, तो दोन पानांवर असतानाच उपटावा. कठड्यावर कुंडी ठेवूच नये. वळवाच्या वाऱ्यात ती खाली कुणाच्या तरी डोक्यावर जाऊ शकते.

यातूनच एक विनंती निघते. एखाद्या घरात ओल आली की अनेक सोसायट्या सरसकट ‘गच्चीत कुंड्या ठेवू नयेत’ अशी सूचना फळ्यावर लावून मोकळ्या होतात. सामायिक गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लागते हे योग्यच, पण बंदीऐवजी सोसायटीने कागदावर मांडणी मागावी: कुंड्यांची संख्या, व्यास, भरलेलं वजन, जमिनीपासूनची उंची, पाण्याच्या वाटेपासूनचं अंतर. फूटपट्टी घेऊन एका संध्याकाळी होणारं हे काम आहे. बांधकाम व्यावसायिकांनीही ताबा देताना गच्ची किती भारासाठी धरली आहे आणि तुळया कुठून जातात, हे नकाशावर लिहून द्यावं. आज सदनिकाधारकाला ते विचारायचं असतं हेही ठाऊक नसतं.

आणि आपल्याला विनंती अशी की, बागेच्या सदरात रोपांच्या यादीबरोबर दर वेळी एका जागेचा आराखडा छापावा. कधी चार बाय आठची पूर्वेची गॅलरी, कधी खिडकीची ग्रिल, कधी बंगल्याच्या बाजूची सहा फुटी पट्टी. मोजमापं आणि दिशा ठळक अक्षरांत द्यावीत, म्हणजे वाचकाला ते कात्रण हातात घेऊन स्वतःच्या जागेशी ताडून पाहता येईल.

आपला,
एक वाचक, पुणे