मी साहेब होऊन जाणार नाही

लेस्टर, १२ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आई एकदम गप्प झाली, तेव्हाच ठरवलं की हे सगळं सविस्तर लिहायचं.

७ फेब्रुवारीला निघते. इथून नैरोबी, तिथून किसुमू. किसुमू म्हणजे केनियाच्या पश्चिमेचं, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर. बाबा, तुम्ही विचारलंत, तिथं आपलं कोण आहे? मोंबासापासून निघालेली रेल्वे १९०१ साली याच गावाच्या काठाला येऊन थांबली. ते रूळ टाकायला ३० हजारांहून जास्त मजूर हिंदुस्थानातून नेले होते, त्यातले सुमारे अडीच हजार तिथंच मरण पावले. स्वाहिलीत आजही दुकानाला ‘दुका’ म्हणतात, चहाला ‘चाय’ आणि चपातीला चपातीच. तेव्हा अगदी परक्या मुलखात चालले आहे असं समजू नका.

आम्ही सहाजणी मिळून वर्षाकाठी जे जमेल ते त्या भागातल्या तीन छोट्या गटांना पाठवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे एचआयव्हीनं फार नासधूस केली. मधली पिढी गेली आणि नातवंडं आजीच्या पदरात आली. तीनपैकी एक गट अशाच आज्यांचा आहे. आता औषधं मिळतात, माणसं जगतात. पण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि त्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्यांतली कितीतरी माणसं घरी बसली. मोठ्या मदतीचे झरे आटले की भार या लहान गटांवर येतो. चार वर्षं नुसते पैसे पाठवले, आता एकदा समोर बसून ऐकायला हवं. तिकिटाचे पैसे माझ्या पगारातले आहेत, देणगीतला एक पेनीही त्यात नाही.

बाबा, या प्रवासाची तयारी करताना मला सारखी आपली शाळा आठवते. मी चौथीत असेन. तपासणीला साहेब येणार म्हणून आम्ही पोरांनी आदल्या दिवशी पटांगण सारवलं, दगडांना चुना लावला. आईनं शेजारून उसने ताट-पेले आणले, साखर उधारीवर आणली. तुम्ही सायकलवर कोंबडी घेऊन आलात. साहेब वर्गात पंधरा मिनिटं होते, जेवायला दोन तास. जाताना शेरेबुकात दोन ओळी. रात्री कंदिलापाशी बसून तुम्ही खर्चाचा हिशेब मांडत होतात. कोंबडीपाशी आल्यावर पेन थांबलं, आणि तुम्ही वही मिटून ठेवलीत. त्या महिन्यात माझी चप्पल आली नाही. तुम्ही दोघं कधी काही बोलला नाहीत, पण मला ते कळत होतं.

तसा साहेब मला व्हायचं नाही.

म्हणून तिन्ही गटांना आधीच कळवलं की मुलांचा वर्ग मोडून स्वागताची गाणी नकोत, हार नकोत, जेवणावळ नको. यावर त्यांच्यातल्या एका बाईंनी फार सुंदर उत्तर दिलं. त्यांनी लिहिलं की गाण्याचं ठीक आहे, पण दारी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायला सांगू नका, त्यात आमचा कमीपणा होतो. वाचून मी ओशाळले. मग असं ठरलं की त्यांच्या घरी रोज जे शिजतं तेच मीही खायचं, आणि शिध्याचे पैसे मी आधी मोबाइलवरून पाठवायचे. तिकडे २००७ पासून एम-पेसा आहे, साध्या फोनवरूनही पैसे जातात.

आई, मी काय खाणार ही तुझी काळजी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तू करतेस तशीच, फक्त फोडणी नाही. सोबत एक हिरवी पालेभाजी असते, तिचं नाव ‘सुकुमा विकी’. म्हणजे आठवडा ढकल! पगार संपला की तिच्यावर आठवडा ढकलायचा. हे नाव कळलं तेव्हा मला तुझी शेवग्याच्या पाल्याची भाजी आठवली. महिनाअखेरीला तूही असेच दिवस ढकललेस.

आता तू जमवलेल्या कपड्यांच्या दोन गाठोड्यांचं. रागावू नकोस, ती मी नेणार नाही. परदेशातले वापरलेले कपडे तिथं गठ्ठ्यांनी येतात, त्याला ‘मितुम्बा’ म्हणतात. नैरोबीत गिकोम्बा नावाचा त्यांचा प्रचंड बाजार आहे. कपड्यांची तिथं वाण नाही, गावातल्या शिंप्याला कामाची आहे. वह्या-पेनंही किसुमूच्या दुकानातूनच घेईन, म्हणजे पैसा तिथंच फिरेल. ती गाठोडी तू आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळीला दे. थंडीत त्यांना उपयोग होईल.

पण तू जुन्या लुगड्यांच्या शिवून दिलेल्या पिशव्या मात्र सगळ्या घेतल्या आहेत. तुझी शिकवण प्रत्येक जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची. केनियात २०१७ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, मोठा दंड आहे, तुरुंगसुद्धा. काल रात्री भरून पाहिलं. हिरव्या इरकलीच्या पिशवीत सलवार-कमीज, जांभळीत औषधं.

औषधांचंही सांगते, म्हणजे घोर राहणार नाही. पिवळ्या तापाची लस गेल्या आठवड्यात टोचून घेतली. दहा दिवसांनी ती लागू होते आणि तिचं पिवळं कार्ड जन्मभर चालतं. हे कार्ड मी पासपोर्टपेक्षा जपणार आहे, कारण येताना मी नैरोबीहून थेट मुंबईला उतरणार. ते नसेल तर आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं आणि १८ तारखेला तुमच्याकडे पोचायचं राहून जाईल. सरोवराच्या भागात मलेरिया फार, म्हणून गोळी जायच्या दोन दिवस आधी सुरू करायची आणि तिथून निघाल्यावरही सात दिवस घ्यायची. तेव्हा मी घरी आल्यावर गोळी घेताना दिसले तर घाबरू नका. सरोवराच्या पाण्यात पाय घालणार नाही, त्यातून जंत अंगात शिरतात. अंधार पडल्यावर प्रवास नाही.

या तयारीत मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली ती एका साध्या प्रश्नातून. मी विचारलं, आमच्या मदतीत काय चुकतंय? दोन गटांनी नुसते आभार मानले. आज्यांच्या गटानं खरं सांगितलं. तिथं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, फी तेव्हाच लागते. आमचे पैसे जायचे एप्रिलमध्ये, कारण इथला आमचा हिशेब मार्चअखेर बंद होतो. म्हणजे चार वर्षं त्या बायका जानेवारीत व्याजानं पैसे काढत होत्या आणि आमच्या देणगीतून ते फेडत होत्या. आम्ही इथं अहवाल वाचून समाधान मानत होतो. मी दोन रात्री झोपले नाही. यंदाचे पैसे डिसेंबरातच पाठवले.

असं अजून काय काय असेल, ते ऐकायला मला जायचं आहे.

आई, आता तुझ्याकडे एक काम. त्या आज्यांचा ‘चामा’ असतो, म्हणजे तुमचा बचत गटच. ठरल्या दिवशी जमून सगळ्यांचे पैसे टेबलावर ठेवतात आणि उठायच्या आत गरजवंतीला कर्जाऊ देतात, पेटीत काही उरत नाही. हिशेबाची वही त्या मला दाखवणार आहेत. तू वीस वर्षं गटाची वही लिहिलीस, मी एकदाही नाही. हप्ता थकला की तुम्ही काय करता, नवरा पैसे मागायला दारात आला की काय करता, वही कुणाच्या घरी ठेवता, आणि बाहेरून पैसे देणाऱ्या माणसानं काय विचारलेलं तुम्हाला आवडत नाही? मंगळवारच्या बैठकीत सगळ्यांना विचार आणि बाबांकडून लिहून घेऊन मला फोटो पाठव. बाबा, अक्षर जरा मोठं काढा, मोबाइलवर वाचायचं आहे.

तुमची,
वैशू