छोट्या दुर्बिणींसाठी सामाईक उपग्रह हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात, तेव्हा विद्यार्थी विचारतात, "सर, आपल्याला तिच्यावर काम करता येईल का?" अर्ज कोणालाही करता येतो. पण अलीकडे उपलब्ध वेळेच्या सुमारे नऊपट मागणी येते, आणि एकाच ताऱ्याकडे महिनोन्महिने पाहत राहायला तिथे वेळ मिळणे कठीणच. काही प्रश्नांना मात्र नेमके तेच लागते. तेजस्वी ताऱ्यांची स्पंदने, त्यांच्यावरचे उद्रेक, समोरून ग्रह जाताना किंचित घटणारा प्रकाश यांसाठी मोठ्या आरशापेक्षा सलग निरीक्षण महत्त्वाचे. जमिनीवर दिवस उजाडतो, पावसाळा लागतो, आणि बहुतेक अतिनील किरण तर वातावरणातच अडतात.

हे काम छोट्या उपग्रहांना जमते. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून 'ब्राइट' मालिकेतले ऑस्ट्रियाचे पहिले दोन उपग्रह नेले. प्रत्येकाची बाजू २० सेंटीमीटर, वजन सुमारे ७ किलो आणि दुर्बिणीचे तोंड अवघे ३ सेंटीमीटर. रॉकेट आपले आणि दुर्बीण दुसऱ्यांची, हे मला आजही खटकते.

वेबवर सुमारे १० अब्ज डॉलर खर्च झाले. कोलोराडो विद्यापीठाची 'क्यूट' ही छोटी अतिनील दुर्बीण सुमारे ४० लाख डॉलरमध्ये झाली. तरीही ही रक्कम आपल्याकडच्या कोणत्याही विद्यापीठ विभागाच्या आवाक्याबाहेरच आहे. खर्च केवळ आरशावर होत नाही, दुर्बिणीचा नेम ताऱ्यावर स्थिर ठेवण्यावरही होतो. २०१७ मध्ये अंतराळ स्थानकातून सोडलेल्या सुमारे १० किलोच्या नासाच्या दुर्बिणीने, म्हणजे 'अ‍ॅस्टेरिया'ने तो साधला. एका अंशाचे सात हजार भाग करा. त्यातल्या एका भागाइतकीच तिची थरथर होती. त्यामुळेच '५५ कॅन्क्री' ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह तिला दिसला. ही यंत्रणा, संदेशवहन, डेटाची शुद्धी हे सगळे प्रत्येक गटाने पुन्हा पहिल्यापासून उभे करायचे, म्हणूनच खर्च उतरत नाही.

आपल्याकडे याची सुरुवात झालेली आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बाजारात सहज मिळणाऱ्या रास्पबेरी पाय संगणकावर आधारित, ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा स्वस्त संवेदक बनवला आणि एप्रिल २०२३ मध्ये पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्यावरील 'पोएम' मंचावर तो अवकाशात तपासला. उपकरणे पारखायला 'पोएम' उत्तमच, पण वर्षानुवर्षांच्या निरीक्षणासाठी तो नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा एक किलोहूनही हलका 'स्वयम्' २०१६ मध्येच कक्षेत गेला होता. म्हणजे हात तयार आहेत.

म्हणून इस्रो आणि खासगी अवकाश उपक्रमांना चालना देणारी केंद्रीय संस्था इन-स्पेस यांना माझी आग्रहाची विनंती आहे. स्थिर नेम धरणारा एकच प्रमाणित छोटा उपग्रह तयार करावा आणि त्याच्याच आवृत्त्या पुन्हा पुन्हा बनवाव्यात. संशोधक गटाने फक्त आपली दुर्बीण बसवावी. विद्यापीठांनी वर्गणी काढून निरीक्षणाचा वेळ वाटून घ्यावा. लंडनची 'ब्लू स्काइज स्पेस' ही कंपनी अशीच वर्गणी घेऊन डेटा देते. वेळेचे वाटप आणि डेटाची शुद्धी 'आयुका' या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेकडे सोपवावी. 'अ‍ॅस्ट्रोसॅट' या भारताच्या अवकाश दुर्बिणीच्या डेटासाठी संशोधकांना मदत करण्याचा अनुभव त्या संस्थेकडे आहे. आणि वर्गणी न परवडणाऱ्या महाविद्यालयांसाठी सगळा डेटा वर्षभरानंतर विनामूल्य खुला करावा, ही अट करारात पहिल्यापासूनच असावी.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, सातारा