चाव्या वाटल्यात, आता टिकलेली माणसंही मोजा

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गिरणगावातील (परळ, लालबाग, वरळी या जुन्या गिरण्यांच्या भागातील) पुनर्विकासानंतर मूळ रहिवासी तिथेच टिकून राहावेत, याबाबत

महोदय,

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत, सामाईक संडासापुढे रांगा लावत ज्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या, त्यांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळालं. याचा मला मनापासून आनंद आहे. हे पत्र पुनर्विकासाच्या विरोधात नाही. एकाच खोलीत बाळंतीण, आजारी सासरा आणि दहावीचा अभ्यास करणारा मुलगा मी पाहिलेला आहे. त्यामुळे चाळीच्या आठवणींनी गहिवरून तिथल्या हालांवर पांघरूण घालणं मला जमत नाही.

मला बोलायचंय ते चावी हातात पडल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांबद्दल. किती घरं बांधली, किती वाटली, किती रहिवासी पात्र ठरले आणि किती अपात्र, याचे आकडे सरकार देतं. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलंय. पण पुनर्विकास झालेल्या इमारतीत दहा वर्षांनी मूळ कुटुंबांपैकी किती राहतात, हा आकडा कधी जाहीर होत नाही. तो मोजल्याशिवाय आपलं धोरण यशस्वी झालं की फसलं, हे आपल्याला कसं कळणार?

मी परळ-लालबाग भागातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका होते. जून महिना आला की पालक शाळा सोडल्याचा दाखला न्यायला यायचे. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. आम्ही 'स्थलांतर' लिहायचो. कुठं चाललात म्हणून विचारलं की उत्तर यायचं नालासोपारा, दिवा, बदलापूर, पुढं पुढं तर आसनगाव आणि नेरळ. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गेलेली कुटुंबं आम्ही समजू शकत होतो. गिरणी बंद, पगार बंद, खोली विकून कर्ज फेडायचं आणि गावची किंवा उपनगराची वाट धरायची. पण नंतर नंतर वेगळेच पालक दाखला मागायला येऊ लागले. त्यांना नव्या इमारतीत घर मिळालेलं असायचं. एक आई मला म्हणाली, "बाई, इकडचं घर भाड्यानं दिलंय. त्या पैशात तिकडच्या घराचा हप्ता निघतो आणि धाकट्याची फी पण." तिचा हिशोब चोख होता. मी तिला काय सांगणार? घर तिचं होतं. पण एकाच मजल्यावरच्या चार-पाच घरांना तोच हिशोब मांडावा लागत असेल, तर त्याकडे सरकारनं बघायला हवं.

हा हिशोब कुठं फसतो ते सांगते. चाळीत भाडं नाममात्र. टॉवरमध्ये लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा, जनरेटर, सुरक्षारक्षक, सफाई, हा सगळा खर्च महिन्याच्या महिन्याला येतो. विकासकाकडून देखभालीसाठी मिळणाऱ्या एकरकमी ठेवीच्या, म्हणजे कॉर्पस फंडाच्या व्याजातून तो भागेल असं करारात धरलेलं असतं. करार होतो तेव्हा ती रक्कम मोठी वाटते. मग इमारत रखडते, महागाई वाढते, व्याजदर खाली येतात, आणि ताबा मिळेपर्यंत त्या व्याजात लिफ्टचा वार्षिक करारसुद्धा बसत नाही. मग सोसायटी वर्गणी वाढवते. एखादा निवृत्त कामगार आणि त्याची बायको थकबाकीदार होतात, सूचनाफलकावर त्यांचं नाव लागतं. ज्या माणसानं चाळ कमिटीत कधी एक रुपया बुडवला नाही, त्याला ही शरम सहन होत नाही आणि तो घर विकायला काढतो. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ केलात, त्याचा या माणसांना खरा आधार झाला. पण ज्यांना भांडून ५५० फूट मिळाले, ते त्या सवलतीच्या बाहेर पडले. बीडीडीत सुरुवातीच्या वर्षांत देखभालीचा भार रहिवाशांवर येणार नाही, ही तजवीज चांगली आहे. प्रश्न ती वर्षं संपल्यावरचा आहे, आणि ज्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) इमारतींना अशी तजवीजच नाही त्यांचा आहे.

महोदय, गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. तरी थोडक्यात लिहिते, कारण तीच चूक आता घरांबाबत होते आहे. मुंबईत गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं तिचे साधारण तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं या सगळ्या जमिनीचा एकत्रित विचार करायला सांगितलं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? सगळीकडे शेड, गोदामं, चिमण्या. शहराच्या वाट्याला तुकडे आले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला आणि प्रश्न मिटला असं मानलं गेलं. गिरण्यांच्या जागी कार्यालयं, मॉल आणि टॉवर उभे राहिले. रस्ते आणि रेल्वेचे पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जीव गेले. कामाला येणाऱ्यांची गर्दी किती वाढणार, याचा विचार वेळेत झाला नाही.

आणि ज्यांच्या श्रमावर हे सगळं उभं राहिलं, त्या गिरणी कामगारांना घरं देऊ केली ती शेलू आणि वांगणीला, कर्जतच्या वाटेवर. ९ जुलै २०२५ ला हे म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात बसले होते, मुंबईत घर द्या म्हणून. ऐंशीच्या घरातल्या माणसाला वांगणीत घर देऊन उपचारांसाठी परळच्या केईएम रुग्णालयात यायला सांगायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

आता त्यांच्याबद्दल लिहिते, ज्यांना चावी मिळायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे गावकीच्या खोल्या होत्या. काही अजून आहेत. चंदगड, आजरा, पाटण, संगमेश्वर, एकेका गावाची एकेक खोली. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर कपडे, पाळीप्रमाणे झोपणारे पंधरा-वीस गडी. गावचा पोरगा पहिल्यांदा मुंबईत आला की थेट तिथं यायचा. दोन घास आणि पाठ टेकायला जागा मिळायची, नोकरीची ओळख मिळायची. भाडेपावती मात्र एकाच्या नावावर. पुनर्विकासाच्या यादीत ती खोली म्हणजे एक भाडेकरू, एक घर. बाकीचे गडी कागदावर कुठंच नाहीत. पोलीस भरतीची तयारी करणारा, हॉटेलात काम करणारा, कुरिअरची पोती वाहणारा पोरगा आज गावाहून आला तर त्यानं या भागात कुठं उतरायचं? लोअर परळच्या कार्यालयांत चहा देणारी आणि लाद्या पुसणारी माणसंही त्या भागात राहू शकत नाहीत.

खानावळी चालवणाऱ्या बायकांचं तसंच. एका खोलीत चूल आणि दहा-बारा कामगारांचे डबे, यावर अनेक घरं चालली. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. संपाच्या काळात गिरणगाव जगलं त्यात या बायकांचा वाटा फार मोठा होता. टॉवरच्या नियमांत घरातून असा व्यवसाय करायला मनाई येते. खालच्या दुकानगाळ्याचं भाडं मसाले कुटणाऱ्या बाईला, चपला शिवणाऱ्याला, इस्त्रीवाल्याला परवडत नाही. परळचं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. तिथं कोकणातल्या मंडळांचं नमन, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, व्हायचं, कामगारांची नाटकं व्हायची. नवं नाट्यगृह उभं राहील तेव्हा त्याचं भाडं गावमंडळांना झेपेल असंच ठेवायला लावा, ही विनंती.

नव्यानं राहायला येणाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. गिरणगाव मुळातच बाहेरून आलेल्यांचं. कोकणातले, घाटावरचे, तेलंगणातले पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेशातले भय्ये, मदनपुऱ्यातले मोमीन, सगळे इथं पोट भरायला आले आणि राहिले. नवीन येणाऱ्यासाठी जुन्याला उठावं लागत नव्हतं, इतकाच फरक आहे.

म्हणून माझं मागणं असं. पुनर्विकास झालेल्या प्रत्येक इमारतीची नोंदवही म्हाडानं ठेवावी. ताबा दिला तेव्हा कोण होतं, पाच वर्षांनी कोण आहे, दहा वर्षांनी कोण आहे, घर विकलं की भाड्यानं दिलं आणि का. नावं प्रसिद्ध करू नका, फक्त संख्या आणि कारणं दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवा. कॉर्पस फंडाची रक्कम कराराच्या तारखेला न बांधता ताब्याच्या दिवशीच्या देखभाल खर्चावर ठरवावी. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि विधवांची देखभाल वर्गणी भरून काढायला म्हाडानं वेगळा निधी उभारावा. त्यासाठी विक्रीच्या इमारतींतून मिळणाऱ्या अधिमूल्याचा (प्रीमियमचा) एक लहान वाटा पुरेल.

याहून मोठी मागणी भाड्याच्या घरांची आहे. आपल्या धोरणात नोकरदार महिला, विद्यार्थी आणि कामगारांसाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. ती घरं शहराबाहेर नकोत, परळ, लालबाग, शिवडी, नायगावातच हवीत. मालकी सरकारची, भाडं पगाराच्या प्रमाणात. गावकीच्या खोलीला जागा द्यायची तर तिथंच देता येईल: गावमंडळाच्या नावानं नोंदणी करा, माणसागणिक खाट मोजा. आणि तळमजल्यावरचे काही गाळे आधीपासून तिथं धंदा करणाऱ्यांसाठी ठरावीक भाड्यानं राखून ठेवा, खानावळवाल्या बायकांना त्यात पहिला हक्क द्या.

वरळीतल्या त्या ५५६ घरांची नोंदवही आत्ताच सुरू करता येईल. ती कुटुंबं एकाच दिवशी आली आहेत, त्यांची यादी म्हाडाकडे आहे, आणि अजून फारसं कुणी सोडून गेलेलं नसेल. नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींतल्या लोकांना घरं देताना ती पहिल्या दिवसापासून ठेवता येईल. या कामाला शिक्षक लागले तर आमच्यातले निवृत्त झालेले पुष्कळजण घरोघर फिरायला तयार होतील. जनगणनेची कामं आम्ही केलेली आहेत.

आपली नम्र,
लालबागमधील एक निवृत्त शिक्षिका