आई-बाबा, त्या ६० हजारांचा हिशेब

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलो की बाबा "बरं बरं, ठेव आता" म्हणतात, आई भाकरी करपली म्हणून मधेच उठते आणि रेंज तर परड्यातल्या आंब्याखाली गेल्याशिवाय येत नाही, म्हणून शेवटी हे टाईप करून पाठवतोय. धाकट्याला सांगितलंय झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून दे, अक्षर मोठं ठेव. बाबा, चष्मा लावून निवांत वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

आधी कबूल करून टाकतो. ऊसबिलातले ६० हजार तुम्ही नातवाच्या डिप्लोमाला कॉम्प्युटर घे म्हणून दिले आणि मी घेतला गेमिंगचा. "अभ्यासाचाच आहे" असं मी म्हणालो होतो ते अर्धंच खरं. नुसता अभ्यासच असता तर तीसेक हजाराचा साधा कॉम्प्युटर रग्गड झाला असता, वरचे पैसे गेमसाठीच गेलेत. तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल ही भीती, चाळिशी ओलांडली तरी ती काय जात नाही बघा. आणि मग पोरानं कौतुकानं व्हिडिओ कॉलवर तो डबा दाखवला, आतनं लाल-निळे दिवे फिरताना, आणि बाबा म्हणाले "ह्यो यात्रेतला पाळणा घरात कशाला आणलाईस?" त्याला आज पंधरा दिवस झाले, तेव्हापासनं माझ्याशी धड बोलणं नाही.

बाबा, गेमिंग म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय आलं ते मला माहितीय. गावात मोबाईलवर रमी खेळून ज्यानं म्हैस विकली तेच ना. ते वेगळं आणि हे वेगळं. पैसे लावून खेळायच्या त्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या ऑगस्टात केंद्रानं कायदा करून बंदी आणली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धेत खेळायचे व्हिडिओ गेम, मात्र वेगळे धरलेत. २०२३ ला चीनमधल्या आशियाई स्पर्धेत या खेळांना पदकं पण होती. आपलं पोरगं पदक आणणार असं मी अजिबात म्हणत नाही, त्याचा नेम बघितलाय मी. फक्त ह्यात पैजेवर पैसा लावायचा नसतो एवढंच सांगतोय. पैसा जातो तो कुठं, तर गेममधले कपडे, बंदुकीचे रंग असलं विकत घ्यायला, आणि म्हणून तुमच्या सुनेनं त्या कॉम्प्युटरवर कुठलंच कार्ड सेव्ह करू दिलेलं नाही, ओटीपी तिच्याच फोनवर येतो. तिच्याकडनं पैसे काढणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता हिशेब.

पहिल्यांदा लॅपटॉपच घेणार होतो, लाईट गेली तरी चालतो म्हणून. पण गेमिंगचा लॅपटॉप ६० हजारात घ्यायचा तर सगळ्यात खालचाच येतो, तापतो, आणि उद्या ग्राफिक्स कमी पडलं तर आतलं कार्ड बदलता येत नाही, अख्खा लॅपटॉपच बदला. म्हणून डेस्कटॉप. मग कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी असं करत पाच दुकानं फिरलो दोघं, एका शनिवारात. एका दुकानात तर मी फसलोच होतो. "आय सेव्हन साहेब, १६ जीबी, लाईटवाला कॅबिनेट, फक्त २२ हजार." मी खिशात हात घातला होता. पोरानं हळूच विचारलं, "कितवी जनरेशन काका?" काका इकडंतिकडं बघायला लागले. तिसरी निघाली, म्हणजे २०१२ चा माल! आय सेव्हन हे प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं, नाव म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलेसारखं आहे, नाव सगळ्याच जोडांवर असतंय, पण तळ वाकवून बघितल्याशिवाय कळत नाही कुठला माल आहे. तसल्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ कंपनीच्या नियमानं चालतच नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. त्या दुकानातनं बाहेर आल्यावर पोराला मी मिसळ खायला घातली, ती हिशेबात धरलेली नाही.

मग ठरवलं की सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायचं.

बाबा, ह्यातलं मुख्य काय ते गुऱ्हाळावरनं सांगतो. प्रोसेसर म्हणजे चरक आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे काहील. चरक कितीबी भारी बसवा, काहील बारकी असली तर रस टाकीत पडून राहणार, आणि काहील मोठी आणून चरक रडका असला तर चुलवाण उगाच जळत बसणार. दोन्हीची जोडी जमली पाहिजे. त्यात गेमला काहील जास्त महत्त्वाची, कारण पडद्यावर वीस लाखांच्या वर ठिपके असतात आणि खेळ गुळगुळीत दिसायचा तर ते सगळे सेकंदाला निदान ६० वेळा नव्यानं रंगवावे लागतात, म्हणजे सेकंदाला बारा कोटींच्या वर. हे काम कार्डाचं. दुकानवाले बहुतेक उलटं करतात, प्रोसेसर मोठ्या नावाचा घालतात कारण गिऱ्हाईक तेच विचारतंय, आणि कार्ड कसलंतरी ४ जीबीचं.

तर प्रोसेसर घेतला रायझन ५ ५६००, सहा कोरचा, ९,९०० ला. मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे सगळे भाग ज्याच्यावर बसतात ती पाटी, ५,९००. हा बोर्ड ज्या पिढीचा आहे ती २०१७ ला आली, म्हणजे जुनी, पुढं ह्याच्यावर फार काही वाढवता येणार नाही हे मान्य, पण नवीन पिढीच्या बोर्डाला डीडीआर ५ रॅमच लागते (रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी, डीडीआर ५ तिची नवी पिढी) आणि रॅमचा भाव ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. झालंय असं की एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांना एवढी मेमरी लागालीय की कारखाने माल तिकडंच द्यायला लागलेत, आणि २०२५ सरता सरता आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव टोमॅटोसारखे भडकले. म्हणून रॅम जुन्या डीडीआर ४ ची आणि तीही सेकंडहँड, ६,५०० ला. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या, १६ ची एक नाही, कारण दोन असल्या की जोडीनं ओढतात, एका बैलाची गाडी आणि जोडीची गाडी एवढा फरक पडतो.

कार्ड आरएक्स ६६००, ८ जीबीचं, हेही सेकंडहँड, इचलकरंजीच्या एका पोराकडनं १४,००० ला. नवीन घेतलं असतं तर वर सात-आठ हजार गेले असते. तुम्ही म्हणाल जुनी मोटर घेतल्यासारखं झालं. खरंय, भीती असतेच, २०२१-२२ ला असली कार्डं लोकांनी क्रिप्टोसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरची आभासी नाणी कमवायला, दिवसरात्र पळवलेली आहेत. म्हणून त्याच्याच घरी जाऊन अर्धा तास गेम लावून बसलो, पंख्याचा आवाज ऐकला, तापमान बघितलं, वॉरंटीचं बिल मागून घेतलं. त्याच्या आईनं पोहे दिले. भली माणसं आहेत, हे पुढं लागणार आहे म्हणून सांगतोय.

एसएसडी, म्हणजे फायली आणि गेम साठवायची जागा, ५०० जीबीची, ४,६००. कॅबिनेट २,७००, दिवे त्याच्याबरोबरच आले, वेगळे पैसे नाही दिले. मॉनिटर २४ इंची, ८,२००. कीबोर्ड-माउस १,१००. आणि पॉवर सप्लाय ५५० वॉटचा, ४,१००. ह्याच्यावर तुमची सून आणि मी भांडलो. कॅबिनेटबरोबर हजार रुपयात लोकल मिळत होता, "वीज तर पोचवायचीय, चार हजार कशाला?" मी तिला आपल्या विहिरीवरच्या मोटरीची गोष्ट सांगितली, पाच एचपीची मोटर नवी कोरी आणि केबल बारीक टाकली, कुणी टाकली ते लिहीत नाही, दोन महिन्यात वाइंडिंग जळालं होतं. पॉवर सप्लायचं तेच आहे. लोकल डब्यावर ५०० लिहिलेलं असतं आणि खरी ताकद निम्मी, आणि जाताना एकटा जात नाही, बोर्ड आणि कार्डाला घेऊन जातो. ह्याच्यावर ८० प्लस ब्राँझ असं लिहिलेलं आहे, म्हणजे भिंतीतनं घेतलेल्या विजेतली ऐंशी टक्क्यांच्या वर आत पोचते, बाकीची उष्णतेत जाते.

सगळं मिळून ५७,०००. उरलेले ३,००० पाकिटात घालून ठेवलेत, तुम्ही आलात की देतो. यूपीएस मी माझ्या पगारातनं घेतला. विंडोजचं लायसन्स तेवढं राहिलंय, सध्या पडद्याच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट करा" असं दिसतं, सोसायटीच्या थकबाकीच्या नोटिशीसारखं, पुढच्या महिन्यात घेतो.

जोडायला रविवारी बसलो, हॉलमधे चादर टाकून. पोरानं सगळं मोबाईलवर बघून ठेवलं होतं, मी आपला टॉर्च धरून. आधी लोखंडाला हात लावायचा, अंगातली वीज जाऊ दे म्हणून. रॅम बोर्डाच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, पहिल्या-दुसऱ्यात नाही, हे मला त्याच्याकडनंच कळलं. एसएसडीचा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा, तो पडला कॉटखाली, पाऊण तास तिघंजण झाडू घेऊन. पण प्रोसेसरवर पंखा बसवायची वेळ आली तेव्हा बाबा, तुमची आठवण झाली. चार कोपऱ्याला चार स्क्रू. हा गडी पहिलाच स्क्रू गच्च आवळायला लागला आणि मी ओरडलो, "थांब! हेड असं बसवतात व्हय? तिरपे कस, थोडा इकडचा, थोडा समोरचा!" तो बघतच राहिला. उद्यमनगरात इंजिनाचं हेड बसवताना तुम्ही मला हेच ओरडला होता, मी सातवीत असेन, डबा द्यायला आलो होतो. नंतर त्यानं मोबाईलवर बघितलं तर तिथंही तिरपेच कसायला सांगितलंय. त्या दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी येतंय असं त्याच्या तोंडावर दिसलं.

रात्री दहाला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी. परत, काळी. माझ्या पोटात गोळा आला, १४ हजाराचं कार्ड गेलं म्हणून मी त्या इचलकरंजीच्या पोराला फोन लावला आणि नको ते बोललो. पोहे दिलेल्या माऊलीच्या लेकराला. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, केबल कुठं लावलीय बघा." मॉनिटरची केबल मी बोर्डाच्या भोकात घातली होती. ह्या प्रोसेसरमधे स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, केबल खाली कार्डालाच लावावी लागते. लावली आणि चित्र आलं. दुसऱ्या दिवशी त्याला माफी मागायचा फोन केला, अजून लाज वाटते. तेवढ्यावर संपलं नाही, मॉनिटर सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणारा असून ६० वरच चालला होता आणि रॅमचा वेग ३२०० असून ती २४०० वर, दोन्ही सेटिंगमधे जाऊन आपण बदलावं लागतं. कित्येक घरात ते तसंच राहत असेल, पैसे मोजून कमी वेगात.

लाईटबिलाचं आई विचारत होती. खेळताना अंदाजे अडीचशे वॉट घेतो, रोज दोन तास धरले तर अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. दोन तासाच्या वर नाही, परीक्षेत नाहीच. आता पाळतो, पुढचं बघू. खेळतो काय, तर एक फुकटातला बंदुकीचा आणि दुसरा फुटबॉलचा, ज्याचं जुनं नाव फिफा, आता एफसी म्हणतात, तो सेलमधे स्वस्तात घेतला. बाबा, फुटबॉलवरनं त्याला बोलायचा तुम्हाला हक्क नाही. आपण मंगळवार पेठेत भाड्यानं होतो तेव्हा पेठेची मॅच असली की तुम्ही सेकंड शिफ्ट बुडवून शाहू स्टेडियम गाठायचात, आईनं मला सगळं सांगितलंय.

पुढच्या मंगळवारी डोळे दाखवायला येणार आहात ना, तर एसटीतनं उतरून थेट घरीच या, दवाखान्यात दुपारी जाऊ. कॅबिनेटची बाजूची काच मी काढून ठेवतो, आत काय कुठं आहे ते बघा. आई, तू येताना कांदा-लसूण चटणी आण, इथली संपली आणि विकतची पोरगं खात नाही.

तुमचा,
थोरला

ता.क. बाबा, तुमच्या पेटीतला तो बारका स्टार स्क्रूड्रायव्हर तेवढा घेऊन या. तो एसएसडीचा स्क्रू अजून नीट बसलेला नाही, आमच्याकडच्याचं टोक झिजलंय.