उन्हाळी चित्रपट आणि तुमचा वाद

मुंबई,
14 सप्टेंबर 2025

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरच्या घरात या उन्हाळ्यातील चित्रपटांवरून झालेल्या वादाचा वृत्तान्त तू इतका सविस्तर लिहिलास की, कोण केव्हा आवाज चढवून बोलले असेल याचाही मला अंदाज आला. नागपूरच्या त्या मुलाने ‘एफ वन’ची बाजू घेतली, अटलांटाच्या तुझ्या मैत्रिणीने ‘सिनर्स’पुढे इतर कशालाही मोजायचे नाकारले, ‘सुपरमॅन’साठी तू स्वतः अडून बसलीस, ‘ज्युरासिक वर्ल्ड : रीबर्थ’ला कोणी वालीच उरला नाही, आणि शेवटी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून सगळे जेवायला उठलात. हे शेवटचे वाक्य सोडले तर बाकीचे सर्व वाचून मला आनंद झाला. आवडी भिन्न असणार हे वाद सुरू होण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक होते. चित्रपट मात्र माणसांनी विचारपूर्वक केलेल्या निवडींतून तयार होतो; कॅमेरा कोठे ठेवला, प्रसंग किती लांबवला, कोणाला बोलू दिले, याकडे बोट दाखवता येते आणि ते बरे झाले की वाईट यावर कारणे देऊन बोलता येते. तुमच्यापैकी प्रत्येकाने तशी एक-दोन कारणे दिलीही होती; ती तपासण्यापूर्वीच तुम्ही सभा बरखास्त केलीत.

मधल्या टप्प्यावर नागपूरकराने कमाईचे आकडे काढले, असे तू लिहितेस. त्याविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण माझी नोकरीची बहुतेक वर्षे लॅमिंग्टन रोडवरील नाझ इमारतीत एका वितरकाच्या कचेरीत हिशेब ठेवण्यात गेली. गावोगावच्या थिएटरांतून कलेक्शनचे फोन येत, मागाहून डी. सी. आर. म्हणजे रोजच्या कलेक्शनचे तक्ते येत, आणि बॉम्बे, सी. पी. बेरार, निझाम अशी सर्किटवार, म्हणजे वितरणाच्या विभागांनुसार, बेरीज होई. (विदर्भ आमच्या धंद्यात सी. पी. बेरारमध्ये येतो आणि मराठवाडा निझामात मोडतो. महाराष्ट्र राज्य 1960 साली स्थापन झाल्याची वार्ता धंद्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नाही.) त्या बेरजेवरून पुढच्या चित्रपटावर किती पैसे लावायचे ते ठरे. चित्रपट कसा होता, हे विचारण्यासाठी मात्र त्या बेरजेकडे कोणी जात नसे.

तुझ्या मित्राचे म्हणणे असे की, ‘एफ वन’ आणि ‘सुपरमॅन’ या दोघांनीही जगभरात 60 कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, म्हणून ते निदान बरोबरीचे धरावेत. पण ‘सुपरमॅन’च्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग अमेरिकेत जमला, तर ‘एफ वन’चा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग अमेरिकेबाहेर. ‘मिशन : इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’चे उत्पन्न 60 कोटींच्या अगदी जवळ पोहोचले, मात्र त्याचा खर्चच 30 ते 40 कोटी डॉलर असल्याचे सांगितले जाते, थिएटरवाले साधारण निम्मा वाटा ठेवून घेतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो, हे लक्षात घेतलेस म्हणजे त्या कचेरीत पेढे वाटले गेले नसतील हे तुला कळेल. उलट ‘सिनर्स’ सुमारे 9 ते 10 कोटींत तयार झाला आणि त्याने 37 कोटींच्या आसपास मिळवले, त्यातले तीन-चतुर्थांश एकट्या अमेरिकेत. आता यांपैकी कोणत्या आकड्याने गुण ठरवायचे? निव्वळ एकूण बेरीज धरायची तर या उन्हाळ्यात 100 कोटी डॉलर ओलांडणारा ‘लिलो अँड स्टिच’ सर्वांत श्रेष्ठ ठरतो, आणि त्याचे नावदेखील तुमच्या घरात कोणी काढले नाही.

‘उन्हाळी चित्रपट’ म्हणजे डोके घरी ठेवून पाहण्याची गोष्ट, असे तुझ्या एका मैत्रिणीने म्हटल्याचे वाचून मात्र मला थोडा राग आला. या प्रकाराचा आरंभ ज्या चित्रपटापासून मानतात तो ‘जॉज’ 20 जून 1975 रोजी अमेरिकेत चारशेहून अधिक थिएटरांत एकाच वेळी लागला आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर त्याच्या जाहिरातींचा मारा झाला होता. तोवर मोठे चित्रपट आधी मोजक्या मोठ्या शहरांत लागत आणि मग सावकाश खाली उतरत. एका दमात देशभर झळकवण्याची ती रीत पुढे सर्वांनी उचलली. पण त्या चित्रपटाची खरी गंमत धंद्याच्या युक्तीत नाही. त्यातला यांत्रिक शार्क मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडत राहिला, म्हणून दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्गला तो फारसा दाखवता आला नाही. त्याच्याऐवजी पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे दिसतात आणि जॉन विल्यम्सचे संगीत ऐकू येते, आणि भीती तेवढ्यानेच वाढत जाते. ज्या प्रकाराच्या मुळाशीच इतका विचार आहे, त्याच्यासाठी डोके घरी ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने तो गेल्या महिन्याच्या अखेरीस तुमच्याकडे पुन्हा थिएटरांत लागला होता. तू गेली होतीस का, ते कळव.

आता ‘एफ वन’, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारशर्यतींवरचा चित्रपट. त्याची गोष्ट शिळी आहे, ही तुझी तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. उतारवयाला लागलेला खेळाडू, तळाला गेलेला संघ, तोऱ्यातला तरुण सहकारी आणि शेवटची शर्यत, यांतले काहीही आपण प्रथमच पाहत नाही. परंतु दिग्दर्शक जोसेफ कोसिन्स्कीने नवी गोष्ट सांगण्याचे वचन दिलेलेच नव्हते. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत बसलेल्या माणसाला काय दिसते, काय ऐकू येते आणि विचार करायला किती वेळ मिळतो, हे त्याला दाखवायचे होते. त्यासाठी फॉर्म्युला टू या खालच्या गटातल्या गाड्या फेरफार करून वापरल्या, ब्रॅड पिट आणि डॅम्सन इद्रिस यांना स्वतः चालवायला लावल्या, गाडीवर लहान कॅमेरे बसवले, आणि सिल्व्हरस्टोनसारख्या ठिकाणी खऱ्या शर्यतीच्या गर्दीत चित्रीकरण केले. कॅमेरा चालकाच्या चेहऱ्यावरून वळून पुढच्या रस्त्यावर जातो, तेव्हा ते दृश्य संगणकाने रचलेले नाही हे अंगाला समजते. माझ्या मते हा या चित्रपटाचा गुण आहे आणि तो मोठा आहे. दोष शिळेपणाहून वेगळ्या जागी आहे: केरी कॉन्डनने केलेली तांत्रिक प्रमुख ही संघातली सर्वांत रंजक व्यक्ती असताना लेखकाने तिला अखेरीस नायकाच्या प्रेमात पाडून मोकळे केले. हा मुद्दा तू मांडला असतास तर नागपूरकराला उत्तर देणे जड गेले असते. (आपल्या सेन्सॉरने या चित्रपटातील मधले बोट दाखवणारे चिन्ह बदलून तेथे मूठ घातली. ते चिन्ह निघाल्याने येथील प्रेक्षक किती सभ्य झाले, याचे मोजमाप अजून कोणी केलेले नाही.)

‘सुपरमॅन’विषयी तू लिहिलेले प्रेमपत्र वाचले. दिग्दर्शक जेम्स गनने जन्मकथा गाळली आणि पहिल्याच दृश्यात हरलेला नायक बर्फात आणून आपटला, त्याला कुत्रा फरफटत नेतो, हे मलाही फार आवडले. तू उडण्याच्या दृश्यांची स्तुती केली आहेस. मी मात्र त्याची पत्रकार प्रेयसी लोइस त्याची मुलाखत घेते तो खोलीतला लांबलचक प्रसंग सर्वांत वर ठेवीन. दोन माणसे, एक ध्वनिमुद्रक, आणि ‘तू दुसऱ्या देशाच्या युद्धात कोणाच्या परवानगीने पडलास’ हा सरळ प्रश्न. तो चांगुलपणाने चिडतो, ती पत्रकाराच्या नात्याने मागे हटत नाही, आणि प्रेमिकांचे भांडण व राजकीय वाद ही दोन्ही एकाच संवादात चालतात. डेव्हिड कोरेनस्वेट आणि रेचल ब्रॉस्नाहन यांनी तो प्रसंग ज्या नेमकेपणाने केला आहे, त्यापुढे शेवटी दुभंगणारे शहर मला कागदी वाटले. इमारती कोसळण्याची दृश्ये आपण गेल्या वीस वर्षांत इतकी पाहिली आहेत की एखादा उत्कृष्ट नटदेखील त्यांत हरवून जातो. म्हणून एवढ्या पात्रांची आणि एवढ्या विध्वंसाची गरज काय होती, या अटलांटाकरणीच्या प्रश्नाला तू उत्तर द्यायला हवे होतेस. ‘तो सुपरमॅन आहे’ हे उत्तर होत नाही.

‘ज्युरासिक’साठी मीच दोन शब्द बोलतो, कारण माझे त्या घराण्याशी जुने नाते आहे. पहिला ‘ज्युरासिक पार्क’ 1994 साली हिंदीत डब होऊन आपल्याकडे लागला, तेव्हा इंग्रजी चित्रपट म्हणजे मुंबईतले रीगल, इरॉस, स्टर्लिंग, अशी आमची समजूत होती. त्यानंतर तालुक्याच्या गावांतूनही प्रिंटसाठी विचारणा होऊ लागली आणि हॉलिवूडला भारतातल्या भाषांची किंमत कळली. डायनासोरांना डबिंग लागत नाही, हा त्या यशाचा अर्धा भाग होता. यंदाच्या चित्रपटात त्याच पहिल्या भागाचे पटकथालेखक डेव्हिड केप परतले आहेत, आणि मूळ कादंबरीत असूनही 1993 साली पडद्यावर न आलेला नदीतल्या तराफ्याचा प्रसंग या खेपेस आला आहे. दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्सने तो प्रसंग उत्तम बांधला आहे: झोपलेला टी-रेक्स, फुगवायचा तराफा, आणि आवाज होऊ न देण्याची धडपड. एवढी दहा मिनिटे सोडली तर समुद्रातला, जमिनीवरचा आणि आकाशातला अशा तीन प्राण्यांचे रक्त गोळा करण्याची ती यादी मीही घड्याळाकडे पाहतच पुरी केली. तेव्हा त्याला वाली नसणे न्याय्यच आहे, फक्त तराफ्याची नोंद व्हावी.

राहिला ‘सिनर्स’. तो 18 एप्रिलला लागला, म्हणून उन्हाळ्यात धरताच येणार नाही, हा आक्षेप कोणी घेतला ते तू लिहिले नाहीस, पण ज्याने घेतला त्याने वाद हरत आल्यावर घेतला असावा. अमेरिकेतील धंद्याचा उन्हाळा मेच्या पहिल्या शुक्रवारी सुरू होऊन सप्टेंबरच्या आरंभी लेबर डेला संपतो, हे खरे; पण ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे मोठे दोन भाग 2018 आणि 2019 साली एप्रिलच्या अखेरीसच लागले आणि त्यांना उन्हाळी म्हणायला कोणी कचरले नाही. आपल्याकडे तर शाळेच्या परीक्षा संपल्या की उन्हाळा सुरू. ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला लागला होता.

रायन कूगलरच्या या चित्रपटात 1932 सालचे मिसिसिपी आहे, शिकागोहून पैसे घेऊन परतलेले जुळे भाऊ आहेत, एका जुन्या लाकूड-गिरणीत त्यांनी उघडलेला नाचगाण्याचा अड्डा आहे, आणि मग रक्तपिपासू वेताळ आहेत. मायकेल बी. जॉर्डनने दोघे भाऊ केले आहेत आणि टोपीचा रंग न पाहताही ते वेगळे ओळखू येतात. पण मी बोलणार आहे ते चुलतभाऊ सॅमी गाऊ लागतो त्या प्रसंगाविषयी. त्याच्या ब्लूजसरशी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या गाण्यासरशी, त्या गर्दीत आफ्रिकेतला पूर्वज गायक येतो, विजेची गिटार घेतलेला भावी वादक येतो, हिपहॉपचा डीजे येतो, चिनी दुकानदार दांपत्याच्या पूर्वजांची ऑपेरा-नर्तकी येते, आणि दृश्य न तोडता कॅमेरा त्या सर्वांमधून फिरत राहतो. संबळाच्या ठेक्यावर गोंधळी तुळजापूरच्या भवानीला, कोल्हापूरच्या अंबाबाईला, गावोगावच्या दैवतांना नावे घेऊन ‘गोंधळाला या’ म्हणून बोलावतो, ते ज्याने रात्र जागून ऐकले आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तुझ्या अटलांटाच्या मैत्रिणीला तो आपल्या घरातला वाटला; मला तो माझ्या घरातला वाटला; आणि दोघांची घरे किती दूर आहेत ते पाहा. शिवाय हा प्रसंग निव्वळ शोभेचा नाही. जे गाणे पूर्वजांना बोलावते तेच दाराबाहेरच्या वेताळालाही बोलावते, आणि त्याला माणसांच्या रक्ताइतकीच त्या गाण्याची भूक असते. परक्यांनी आपले संगीत हिरावून नेण्याची सारी कैफियत कूगलरने एका भयपटाच्या कथानकात अशी बसवली आहे की, भाषण कोठेच करावे लागत नाही. या उन्हाळ्यातला दुसरा कोणताही चित्रपट आपल्या साधनांनी इतके काही साधत नाही, म्हणून माझे मत तुझ्या मैत्रिणीच्या पारड्यात. ‘सुपरमॅन’ तिसरा, ‘एफ वन’ दुसरा. तू रागावशील, पण कारणे वर दिली आहेत.

तिला माझ्या वतीने एक मात्र विचार. वेताळांची रात्र संपून सूर्य उगवल्यावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेतल्या लोकांशी जो गोळीबार होतो, तो मला मागाहून जोडल्यासारखा वाटला; संघर्षाचा निकाल लागून गेलेला असतो आणि तेथे बंदुका फक्त प्रेक्षकांचे समाधान करतात. त्यानंतर नामावलीच्या मधोमध 1992 सालच्या शिकागोत म्हातारा सॅमी दिसतो, तो खुद्द ब्लूज-गायक बडी गाय याने केला आहे, आणि चित्रपटाचा खरा शेवट तोच आहे. येथे तर तोवर अर्धे प्रेक्षागृह उठून जिन्यावर पोहोचले होते. गोळीबार वगळून थेट तेथे गेले असते तर काय बिघडले असते? तिच्याकडे याचे उत्तर असणार, असा माझा कयास आहे. ते शक्य तितक्या तिच्याच शब्दांत लिहून पाठव.

कळावे, लोभ असावा.

तुझे,
बाबा