एका पंखाचं विमान: चमत्कार नव्हे, रचना

महोदय,

एका पंखावर उतरलेल्या एफ-१५ या लढाऊ विमानाचा फोटो ‘युद्धातला चमत्कार’ म्हणून आमच्या भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. ही टक्कर १९८३ साली इस्रायलमध्ये सरावाच्या वेळी झाली, युद्धात नव्हे. स्कायहॉक विमानाशी धडकून उजवा पंख जवळपास मुळापासून तुटला. गळणाऱ्या इंधनाच्या फवाऱ्यामुळे वैमानिकाला तो दिसलाच नाही. रुंद, चपट्या धडाने दिलेली उचल आणि दोन इंजिनांचा जोर यांवर विमान तरलं. वेग कमी केला की ते कलंडायचं, म्हणून ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने, ताशी सुमारे ४८० किलोमीटरने टेकवावं लागलं. पुढे दुरुस्त होऊन ते पुन्हा सेवेत आलं. चमत्कार म्हटलं की ही सगळी रचनाच नजरेआड होते, याचं मला फार वाईट वाटतं.

युद्धातलंच उदाहरण हवं तर १ फेब्रुवारी १९४३ चं घ्या. लढाऊ नव्हे, बॉम्बर. ‘ऑल अमेरिकन’ नावाचं बी-१७ ट्युनिशियावर मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाशी धडकलं. शेपटीजवळ धड चिरलं, शेपटीचा डावा आडवा पंख उडाला. तरी ते अल्जेरियातल्या बिस्क्राला उतरलं, दहाही जण सुखरूप!

खानदेशातली कितीतरी मुलं आयटीआयत फिटर, वेल्डर होतात. विमानांचा कारखाना नाशिकजवळ, ओझरला आहे. रिवेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, एक ओळ तुटली तर भार शेजारच्या पत्र्यावर कसा जातो, हे आकृत्यांसह समजावणारी लेखमाला आपण रविवारच्या पुरवणीत जरूर सुरू करावी.

– एक निवृत्त फिटर, भुसावळ