दादाच्या दाढेबद्दल

प्रिय दिन्या,

चार महिने गप्प बसलो, शिव्या भेटल्यावर घाल. माझा गुडघा आहे तसाच.

काल दादाचा फोन आला. "दाढ हलतेय, पुढच्या मंगळवारी डायलिसिसवरून येता येता काढून टाकतो." ऐकून पोटात गोळा आला. तुमच्या आईच्या कडक चकल्यांना पुरून उरलेली ती दाढ! माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

मंगळवारी अजिबात नको. मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, त्याचा अंमल पुढे काही तास राहतो. शिवाय प्लेटलेट रिपोर्टात पुरेशा दिसल्या तरी किडनीने न गाळलेल्या युरियासारख्या घाणीमुळे एकमेकींना नीट चिकटत नाहीत. रात्रभर उशी रक्ताने भिजेल. बुधवारी सकाळी काढा. हेपॅरिन उतरलेलं असतं, रक्तही नुकतंच स्वच्छ झालेलं. बीपीचा पट्टा फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शीर-धमनी जोडलेल्या) हाताला लावू देऊ नका. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. जी काही थोडी लघवी होतेय तीही जाईल. अँटिबायोटिकचा डोस किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच.

"ताप नाही, सूज नाही, मग कसलं इन्फेक्शन?" म्हणतो. माझा जीव टांगणीला लागलाय तो इथेच. किडनी गेली की पांढऱ्या पेशी असून नसल्यासारख्या होतात, जंतू गिळतात पण नीट मारत नाहीत. म्हणून ताप चढेलच असं नाही, आणि मुळाशी आतल्या आत धुमसत राहतं. ट्रान्सप्लांटमध्ये वहिनींची किडनी दादाला बसवली की, शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस हे औषध सुरू होणार, म्हणजे उरलीसुरली प्रतिकारशक्तीही मुद्दाम दाबणार. तेव्हा हेच जंतू रक्तात उतरले तर? एका दाढेवर भागवू नका, ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढून सगळं तोंड ट्रान्सप्लांटआधी निस्तरून घ्या. नंतरचे पहिले काही महिने दातांच्या टाळण्यासारख्या कामाला हात लावत नाहीत.

वहिनी म्हणाल्या, तोंडाला उग्र वास येतो, चहा लोखंडासारखा लागतो. लाळेतल्या युरियाचा अमोनिया होतो, त्याचा तो वास. दादाचा आळस नव्हे, त्याला बोलू नका. मऊ ब्रश, दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश सोडायचा नाही, सोडला की आणखी येतं. तोंड सुकलं तर बर्फाचा लहान खडा चघळावा, पण ते पाणी दिवसाच्या मापात धरायचं. आणि मशेरी बंद. गणपतीत यावरूनच आपलं वाजलं होतं, तू त्याची बाजू घेतलीस. या वेळी घेऊ नकोस रे.

चिमीचा निकाल लागला का? घराचा रंग झाला? सविस्तर कळव, पण आधी दादाला फोन कर.

तुझा,
विश्या